थाप्यावर ब्रश फिरवत नाहीत

अन्याय पेंटरबाईंवर झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहा ते दुपारी एकच्या दरम्यान, मखमलाबाद रोडवरच्या एका लांब कंपाउंड भिंतीपाशी. त्या भिंतीवरचं त्यांचं चित्र त्या दिवशी पुसलं गेलं. ज्याने पुसलं त्याला शहर सुशोभित केल्याबद्दल बिल मिळणार आहे. जिने काढलं होतं तिला चौकीचं बोलावणं आलंय. हे आधीच लिहून ठेवते. पुढे मी त्यांच्याविषयी जे सांगणार आहे ते वाचून तुम्हाला हसू येईल, आणि हसण्याच्या नादात मुद्दा राहून जायला नको.

नाव लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय, "माझं नाव छापलंस तर तुझी सगळी पत्रकं उलटी चिकटवीन." अर्धं नाशिक त्यांना पेंटरबाई म्हणतं. मीही तेच म्हणते. कुणी 'कलाकार' म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, कोण आलंय म्हणून.

आमची ओळख पत्रकावरूनच झाली. कॉलनीतल्या पाण्यासाठी आमचं आंदोलन चालू होतं आणि मी दिसेल त्याला पत्रक देत सुटले होते. एका भिंतीला शिडी लावून एक बाई वर उभ्या होत्या. साडी, साडीवर पुरुषी शर्ट, शर्टाच्या खिशात ब्रश उलटे खोचलेले. मी खालून पत्रक वर केलं. त्यांनी ते शिडीवरच वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. असं कुणी वाचत नाही, त्यामुळे मी खूश झाले.

"यात माणूस कुठंय?" त्या म्हणाल्या.

"कुठला माणूस?"

"झोपलेलं प्रशासन आहे. जागी झालेली जनता आहे. हंडा घेऊन उभी असलेली एक बाई नाही सापडली तुम्हाला?"

मी म्हटलं, ही आमची भूमिका आहे, गोष्ट नाही.

"मग भूमिकेला पाणी पाज," असं म्हणून त्यांनी पत्रकाला ब्रश पुसला.

मला राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही. पण पुढच्या पत्रकात मी आमच्या गल्लीतल्या, टँकरमागे धावताना पडलेल्या मावशींबद्दल लिहिलं आणि ते पत्रक लोकांनी घरी नेलं. त्यानंतर मी दुपारी पेंटरबाईंच्या शिडीखाली जाऊन बसू लागले. शिडी धरायला म्हणून. त्यांना शिडी धरलेली अजिबात आवडत नसे. "तू धरलीस की हलते," म्हणायच्या.

त्या काम करायच्या ते दुपारीच, जेवणं उरकल्यापासून शाळा सुटेपर्यंत. असली कामं लोक अंधारात करतात असं मी कुठंतरी वाचलं होतं, ते त्यांना सांगितलं. "अंधारात चोर येतात," त्या म्हणाल्या. "मला भिंतवालीशी बोलायचं असतं. दुपारी पुरुष कामावर असतात. तेवढा वेळ भिंती बायकांच्या." आणि ते खरं होतं. दुपारी दारं किलकिली उघडत, कुणी लसूण सोलत बाहेर येऊन बसे, कुणी मशीनवरचं शिवण तसंच टाकून येई. चहा ज्या घरची भिंत त्याच घरचा. दुसरीकडून आला तर परत पाठवायच्या, म्हणायच्या, "ह्या घरात साखर संपलीय असं होईल ते."

चित्र कसं झालंय हे बघायला त्या कधी स्वतः मागे सरल्या नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवायच्या. "ओ रिक्षावाले भाऊ, नाक कसंय?" रिक्षावाले भाऊ ब्रेक मारून, मागच्या पॅसेंजरसकट, नाकाकडे बघायचे. "जरा डावीकडं गेलंय ताई." मग त्या खरंच नाक सरकवायच्या. सेल्फीवाले आले की त्यांच्या हातात रंगाची बादली द्यायच्या. "धर पाच मिनिटं. मग काढ फोटो, तेवढा तुझापण वाटा होईल." बहुतेक जण बादली खाली ठेवून निघून जात. एक मुलगी मात्र संध्याकाळपर्यंत बादली धरून उभी राहिली आणि फोटो काढायचा विसरून गेली.

हा धंदा त्यांना घरातून मिळाला होता. त्यांचे वडील लासलगाव-विंचूर रस्त्यावरच्या भिंतींवर जाहिराती रंगवायचे. बियाणं, मोटरपंप, खत. मोसमात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग तासन्‌तास हलायची नाही, म्हणून त्या रस्त्यावरच्या भिंतींना मान होता. शेतकऱ्याला दुसरं बघायला काहीच नसायचं. मुलगी म्हणून पेंटरबाईंना अक्षरं भरायचं काम मिळालं, बाह्यरेषा वडिलांची. मग फ्लेक्स आले. एका रात्रीत छापून यायचे आणि खांबाला बांधले की झालं. वडील घरी बसले, पण लेकीचा हात थांबेना. भिंती होत्याच, जाहिराती तेवढ्या गेल्या होत्या.

पहिलं चित्र त्यांनी लासलगावला काढलं, कांदे निवडणाऱ्या बायकांचं. खळ्यावर मांडी घालून बसलेली एक मोठी बाई, डोक्याला रुमाल, मुठीत कांदा. जिचं चित्र होतं ती दुसऱ्या दिवशी बघायला आली.

"माझं नाक एवढं हाय व्हय?"

"आहे."

"मग ऱ्हाऊ दे. नवरा म्हनायचा, तुला नाकच नाय."

त्याच संध्याकाळी भिंतीचा मालक आला आणि कुणाला विचारून काढलं म्हणून त्याने आख्ख्या रस्त्यासमोर त्यांना शिव्या घातल्या. पेंटरबाई म्हणाल्या, चूक माझी होती, विचारायला हवं होतं. तेव्हापासून त्यांनी विचारल्याशिवाय एक रेघ ओढली नाही. ही गोष्ट मी जाड अक्षरात छापणार आहे, कारण चौकीत नेमकं उलटं सांगितलं गेलंय.

पण विचारायचं कुणाला? घर नवऱ्याच्या नावावर. घरपट्टी सासऱ्याच्या नावावर. आणि भिंत सारवणारी, धुणारी, भिंतीवरचं पिंपळाचं रोप वेळीच उपटून टाकणारी तिसरीच. पेंटरबाईंनी या तिसरीला विचारायचं ठरवलं. ती 'हो' म्हणाली की तिच्यासमोर ताटलीत पिवळा रंग धरायच्या, वर खरी हळद भुरभुरवायच्या आणि म्हणायच्या, "थापा मार." गृहप्रवेशाला मारतात तसा, नवी सून दाराशी मारते तसा, पाच बोटं पसरून, भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात. ती परवानगी. त्याच्यानंतर चित्र.

मी म्हटलं, कागदावर सही घ्या. उद्या कुणी विचारलं तर?

"सही नवऱ्याची मागतील," त्या म्हणाल्या. "थापा त्याला मारताच येत नाही. घरात एवढी एकच गोष्ट आहे जी त्याच्या नावावर होत नाही."

इंदिरानगरचा किस्सा सांगते. तिथल्या एका निवृत्त काकांनी पेंटरबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांच्या बंगल्याच्या भिंतीला येणारे-जाणारे लोक आडोसा करायचे. देवाच्या टाइल्स लावून झाल्या, त्या चोरीला गेल्या.

"तुम्ही एक मोठा देव काढा," काका म्हणाले. "कडक असा."

"देवाला या ड्यूटीवर लावता? काकू कुठंयत?"

काकू पदराला हात पुसत आल्या. पेंटरबाईंनी त्यांना उन्हात उभं केलं आणि बघत राहिल्या. काकू आधी लाजल्या, मग कंटाळल्या, मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, दूध उतू जाईल, लवकर काय ते करा." तेच चित्र झालं. पुरुषभर उंचीच्या काकू, कमरेवर हात, नजर थेट रस्त्यावर. त्या भिंतीपाशी पुन्हा कुणी उभं राहिलं नाही. काका मला नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "जरा जास्तच कडक झालीय. मीसुद्धा हल्ली मागच्या गेटनं येतो."

आणखी एका कॉलनीत एक शिक्षिका होत्या, बौद्ध कुटुंबातल्या. समाजमंदिराशेजारी त्यांच्या घराची भिंत. चित्राला हो म्हणाल्या, पण ताटली बघून हात मागे घेतला. "हळद आमच्यात नाही. निळा असेल तर देते हात." पेंटरबाईंनी तिथंच निळा कालवला. मॅडमनी थापा मारला आणि गल्लीला हाक दिली. मग ही आली, ती आली, सगळी भिंत कमरेएवढ्या उंचीवर निळ्या पंजांनी भरली. पेंटरबाई म्हणाल्या, आता मी वर काय काढू, चित्र तर झालं. आणि शिडी लुनाला बांधून, टोकाला लाल फडकं लावून निघून आल्या. ती भिंत तशीच आहे. जाऊन बघा.

आता मखमलाबाद रोडवरच्या भिंतीकडे येते.

ती भिंत फुलवाल्या मावशींची. शेवंती आणि झेंडू लावतात, तोडतात, पहाटे बाजारात नेतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माळ ओवताना त्या दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतात, ते पेंटरबाईंना फार आवडलं. चित्र तेच. भिंतीच्या एका टोकाला बसलेल्या मावशी, अंगठ्यात दोरा, आणि माळ निघते ती भिंतभर पळत जाते, गेटवरून उडी मारते आणि पार पलीकडच्या खांबापर्यंत जाते. पण आधी परवानगी. पेंटरबाईंनी ताटली पुढे केली.

मावशींनी दोन्ही हात पदरात लपवले. "माझा नाय चालत बाई. सुनेचा घ्या."

"भिंत कुणी बांधली?"

"मीच. फुलं विकून."

"मग सुनेचा कशाला?"

"सवाष्णीचा हात लागतो."

"मला भिंतवालीचा लागतो. नसेल द्यायचा तर नका देऊ, मी जाते. दुसरीचा घेऊन तुमच्या भिंतीवर काढणार नाही."

आणि खरोखरच त्या शिडी आवरायला लागल्या. मी तिथे होते. मला वाटलं, एवढं ताणायची काय गरज, सून दारात उभीच आहे. मावशी उंबऱ्यावर बसून राहिल्या. मग उठल्या, पूर्ण पंजा रंगात दाबला, भिंतीवर मारला आणि तोंड फिरवून घरात गेल्या. फुलांच्या चिकाने त्यांच्या बोटांना कायमच्या काळ्या भेगा पडल्यात. त्यासुद्धा ठशात उतरल्या. पेंटरबाई तो ठसा वाळेपर्यंत तिथेच बसल्या. त्या दिवशी त्यांनी चहा मागितला नाही.

मुलगा संध्याकाळी आला. "आईचा हात दाराशी कशाला? लोक काय म्हणतील?" सून म्हणाली, "म्हणू द्या." विषय संपला असं आम्हाला वाटलं. मावशींनी घर आधीच मुलाच्या नावावर करून दिलं होतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

मग कुंभाची तयारी आली. रस्ते रुंद, दुभाजकांना पट्टे, भिंतींना मोर. ठेकेदाराकडे पत्र्याचा साचा आहे. साचा टेकवला, फवारा मारला, मोर तयार. सगळे मोर डावीकडे बघतात. त्या मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा मावशींच्या चित्रावर निळसर रंग चढून वर मोरांची रांग लागली होती. मावशी बाजारात होत्या. त्यांची सून गेटला धरून उभी होती. म्हणाली, "ह्यांनी फोनवर सांगितलं त्या लोकांना, रंगवा म्हणून."

पण खालच्या कोपऱ्यात थापा तसाच होता. त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवून, जपून, चौकटीसारखी जागा सोडली होती.

पेंटरबाईंनी रंगवणाऱ्याला हाक मारली. चाळिशीचा माणूस, कामावर खालमानेने. "हा का सोडला?"

"थाप्यावर ब्रश नाय फिरवत ताई आम्ही. कुना माउलीची हळद हाय ती."

"आणि तिच्या तोंडावर फिरवलास?"

"तोंड चित्र हाय. थापा खराखुरा हाय."

मी भांडायला पुढे झाले. पेंटरबाईंनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "गप. बरोबर बोलतोय तो." त्या माणसाने जो हात सवाष्णीचा समजून सांभाळला होता तो कुणाचा आहे हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगितलं? "त्याच्याशी माझं भांडण नाही. आणि सांगितलं असतं आणि त्याने वरून ब्रश फिरवला असता तर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. मावशींनी थाप्याशेजारी दुसऱ्यांदा हात दिला, यावेळी कुणी न सांगता. आणि पेंटरबाईंनी मोरांवर पुन्हा मावशी काढायला घेतल्या. पाय झाला, अंगठा झाला, दोरा सुरू झाला, तेवढ्यात ठेकेदाराचा सुपरवायझर मोबाईलवर शूटिंग करत आला. तक्रार अशी की या बाईंनी परवानगी नसताना शहरभर भिंती विद्रूप केल्या आहेत आणि सुशोभीकरणाचं काम बिघडवलं आहे.

चौकीत साहेब नीट बोलले, हे सांगायला हवं. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"बाई, परवानगी आहे?"

"आहे. भिंतीवर."

"भिंतीवर कुठं असते परवानगी? मालकाची लेखी लागते. मालक तर म्हणतो, मी दिली नाही."

"मालकाला मी विचारलंच नव्हतं."

साहेबांनी कपाळ चोळलं. "एक करा. माफी लिहून द्या आणि यापुढे कुठल्याही भिंतीला हात लावणार नाही असं लिहा. मी मिटवून टाकतो."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मग केस. सगळ्या भिंतींची."

"कुठल्याही भिंतीला?"

"कुठल्याही."

पेंटरबाई म्हणाल्या, "मग माझ्या घराला पोपडे आले तर?" साहेब हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, मी लिहून देणार नाही. शिडीवरून पडून मेले तर चालेल, पण हे लिहून दिल्यावर मी रस्त्याने चालू कशी? दोन्ही बाजूला भिंतीच असतात."

साहेबांनी शेवटी सांगितलं, "ज्यांचे हात आहेत म्हणता त्या बायकांना आणा. सोमवारी. मी एकेकीचा जबाब घेतो. हाताला नाव नसतं, माणूस समोर पाहिजे."

म्हणून मी घरोघर फिरते आहे. काय ऐकलं ते सांगते, आणि मऊ शब्दांत सांगणार नाही. इंदिरानगरच्या काकू, ज्यांना बघून माणसं फुटपाथ बदलतात, त्यांनी जाळीच्या दाराआडून सांगितलं, "ह्यांना विचारून सांगते." दुसऱ्या एकीने सांगितलं, हात माझा नाहीच, भाडेकरणीचा असेल. तिसरीने मला चहा दिला, पेंटरबाईंची चौकशी केली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "आमच्याकडे पोलिसात बायका जात नाहीत गं." ज्या बाईने वर्षानुवर्षं तुम्हाला तुमच्या नवऱ्याच्या भिंतीवर मालकीण म्हणून उभं केलं, तिच्यासाठी तुम्ही जाळीचं दार उघडत नाही. याला मी अडचण म्हणणार नाही. हा त्याच अन्यायाचा उरलेला भाग आहे, आणि तो ठेकेदार करत नाहीये.

निळ्या भिंतीच्या मॅडम लगेच हो म्हणाल्या. "सोमवारी शाळा आहे. हाफ डे टाकते."

मावशींकडे मी सगळ्यात शेवटी गेले. मुलगा घरातच होता, ऐकत होता. मावशी अंगणात शेवंती निवडत बसल्या होत्या.

"येते मी," त्या म्हणाल्या. मुलाच्या खुर्चीचा आवाज झाला. मावशींनी मान वर केली नाही. "पन एकलीनं आलं तर पोराच्या इरुद्ध आईचा जबाब व्हईल. घरचं भांडण. दोघी-तिघी आल्या तरी तेच म्हनतील, ह्या पेंटरबाईच्या मैतरणी. लय जणी आल्या पायजे. मग कुणाच्या घरचं हाय ते इचारताच येनार नाय."

पेंटरबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नव्या रंगाचा डबा उघडायला बसल्या. झाकण निघेना. स्क्रू-ड्रायव्हर घालून कडेकडेने उचकटत राहिल्या. म्हणाल्या, "नाही आल्या तर केस होऊ दे. पण तू त्यांना नीट विचार. ओरडू नकोस. तुझी सवय आहे."

तर नीट विचारते. तुम्ही हे पत्रक ज्या दाराशी वाचता आहात त्या भिंतीवर, किंवा नाशकातल्या कुठल्याही भिंतीवर, तुमचा हात उमटलेला असेल तर सोमवारी सकाळी अकरा वाजता मखमलाबाद रोडवरच्या त्या भिंतीपाशी या. तिथून चौकीपर्यंत आपण चालत जाऊ. आत गेल्यावर एवढंच सांगायचं की मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. घर कुणाच्या नावावर आहे हे विचारतील. खरं ते सांगा, लपवू नका. ज्यांच्या नावावर आहे त्या काकांनी, दादांनी, मुलांनी त्या दिवशी स्वयंपाकाचं बघावं.

मावशी मुलासमोर हो म्हणाल्यात. तुम्ही कुणालाही विचारू नका. या.